जोखीम एकटी येत नाही : किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य आणि एकमेकांत अडकलेली कारणं

सुतारपक्षी

एखादं मूल अबोल झालं, अभ्यासातून मन उडालं, चिडचिड वाढली की पहिला प्रश्न येतो, "नक्की कशामुळे?" आणि उत्तरही एकच हवं असतं. मोबाइल. नाहीतर मार्क. नाहीतर घरातली भांडणं. ज्याचा त्याचा आरोपी आधीच ठरलेला.

अभ्यास वेगळंच सांगतात. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी आइल ऑफ वाइट हे बेट आणि लंडन शहराच्या आतला एक भाग इथल्या मुलांच्या पाहण्यांचं सार १९७९ साली मांडलं. कुटुंबातल्या सहा गोष्टी मोजल्या होत्या: आईवडिलांमधला तीव्र बेबनाव, खालचा आर्थिक-सामाजिक स्तर, घरातली दाटी किंवा मोठं कुटुंब, वडिलांची गुन्हेगारी, आईचा मानसिक आजार, आणि मुलाला सरकारी देखरेखीखाली ठेवावं लागणं. यांतली एकच गोष्ट असलेल्या मुलांत मनोविकाराचं प्रमाण एकही नसलेल्या मुलांएवढंच निघालं. दोन असल्या की साधारण चौपट. चार किंवा जास्त असल्या की दहापटीच्या आसपास.

आता "एकत्र येणं" म्हणजे काय, इथे बरीच गल्लत होते. दोन जोखमी शेजारी-शेजारी असू शकतात, म्हणजे दोघींचा परिणाम आपापला आणि वर नुसती बेरीज. किंवा एकीमुळे दुसरीची धार वाढते: वर्गात कोणी छळत असेल आणि घरी सांगायला कोणीच नसेल, तर तोच छळ जास्त खोल जातो. तिसरी तऱ्हा साखळीची. घरातला ताण, म्हणून उशिरापर्यंत जागरण, म्हणून वर्गात लक्ष नाही, म्हणून मार्क घसरले, म्हणून घरात आणखी ताण. प्रत्यक्षात सर्वात जास्त भेटते ती ही तिसरी, आणि नेमकी तीच प्रश्नावलीत दिसत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. किती जोखमी आहेत हे मोजणं सुरुवातीला ठीक. पण एखाद्या विशिष्ट मुलाला मदत करायची तर कोणती गोष्ट कोणतीला धरून ठेवतेय हे काढलं पाहिजे. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे टोकावं.

आकडेमोड

टोकतोच.

रटर यांच्या आकड्यांतली ती उडी पुढच्या सगळ्या अभ्यासांत दिसलेली नाही. बऱ्याच ठिकाणी चढण सरळ आहे, दर जोखमीमागे थोडी-थोडी वाढ. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या २०१० सालच्या विश्लेषणात तर उलट दिसलं: हिंसा, दुर्लक्ष, पालकांचा मानसिक आजार अशा कौटुंबिक प्रतिकूल गोष्टी एका घरात अनेक असल्या, तर पुढच्या प्रत्येक गोष्टीमागची वाढ कमी-कमी होत गेली.

दुसरं, "जोखमी गुणाकाराने वाढतात" हे वाक्य कोणत्या मापावर बोलताय त्यावर खरं-खोटं ठरतं. कल्पित आकडे घ्या. काहीच जोखीम नसलेल्या १०० मुलांत ४ जणांना त्रास. फक्त 'अ' असेल तर ८, फक्त 'ब' असेल तरी ८. बेरजेच्या हिशोबाने दोन्ही असलेल्यांत १२ जण अपेक्षित (४ + ४ + ४). गुणाकाराच्या हिशोबाने १६ (४ × २ × २). आणि प्रत्यक्षात मोजले १३. आता एक जण लिहिणार "बेरजेपेक्षा जास्त परिणाम", दुसरा लिहिणार "अपेक्षेपेक्षा कमी परिणाम". दोघंही खरं बोलतायत. म्हणून शोधनिबंधाची बातमी वाचताना पटीचा आकडा सोडा आणि दर शंभरात किती ते शोधा. शंभरातल्या १३ जणांना त्रास म्हणजे ८७ जणांना तो नाही, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असतं.

शंकासुर

मग ती बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांची दहा प्रश्नांची चाचणी? समाजमाध्यमांवर जो तो आपला स्कोअर टाकत असतो. चारच्या वर गेलं की आयुष्याचं वाटोळं, असंच लोक समजतात.

आकडेमोड

@शंकासुर, त्याचा उगम सांगतो म्हणजे मर्यादा आपोआप कळतील. विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांचा अभ्यास, १९९८. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये कैसर परमनंट या आरोग्यसंस्थेत तपासणीला आलेले साडेनऊ हजारांवर प्रौढ. तेव्हा प्रकार सातच होते, दहा नंतर झाले. चार किंवा जास्त प्रकार अनुभवलेल्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थ, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही न अनुभवलेल्यांच्या ४ ते १२ पट.

मोठाच आकडा. पण उत्तर देणाऱ्यांचं सरासरी वय पन्नाशीच्या पुढे. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीच्या आठवणी. २०१९ साली सगळे उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासलं, तेव्हा लहानपणीच नोंद झालेला छळ आणि मोठेपणी आठवणीतून सांगितलेला छळ यांचा मेळ फारच थोडा बसला. दोन्ही गट बऱ्याच अंशी वेगळ्याच माणसांचे निघाले.

शिवाय ही चाचणी प्रत्येक प्रकाराला एकच गुण देते. एकदा झालेलं आणि दहा वर्षं चाललेलं, दोन्ही सारखंच. कोणत्या वयात झालं याला जागा नाही. वर्गातला छळ, गरिबी, भेदभाव मूळ यादीत नाहीतच. खुद्द आंडा यांनी २०२० साली सहकाऱ्यांबरोबर लिहिलं की हा स्कोअर एकेका व्यक्तीचा धोका ठरवायला वापरू नका. लोकसंख्येचं चित्र काढायला तो चांगला आहे, समोर बसलेल्या मुलाचं भविष्य सांगायला नाही.

कोरीपाटी

म्हणजे मोजायचंच नाही का? शाळेत शिकवणाऱ्याने काय करायचं मग?

दूर्वा

मोजायचं, पण कशासाठी ते ठरवून. आकडेमोड यांनी सांगितलेल्याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात एक उपयोगी गोष्ट आहे: ज्यांनी एक प्रतिकूल अनुभव सांगितला, त्यांच्यातल्या साधारण ८७ टक्क्यांना आणखी किमान एक होताच. म्हणून वर्गात एक गोष्ट कळली (समजा, मूल वारंवार गैरहजर), की तिथेच न थांबता बाकीच्या दिशांनाही पाहायचं. मोजण्याचा खरा उपयोग एवढाच.

पाहण्याची बांधीव पद्धत आहे. किशोरवयीनांशी बोलण्यासाठी डॉक्टर आणि समुपदेशक जो क्रम वापरतात तो घर, शिक्षण, खाणं, फावल्या वेळातल्या गोष्टी, व्यसनं, लैंगिकता, मनःस्थिती आणि आत्महत्येचे विचार, सुरक्षितता असा जातो. सोप्याकडून अवघडाकडे. क्रम मोडून पहिल्या पाच मिनिटांत सिगरेटबद्दल विचारलं की मूल मिटतं आणि पुढचा अर्धा तास "हं", "नाही", "माहीत नाही".

प्रश्न कसा विचारायचा त्यावर निम्मं काम अवलंबून. "घरी सगळं ठीक ना?" याला "हो" शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी: "घरी कोण कोण असतं? त्यातलं कुणाशी जास्त पटतं? आवाज चढले की तू काय करतोस?" "मित्र आहेत ना?" ऐवजी "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतेस? गेल्या महिन्यात त्यात काही बदललं?" व्यसनाचं आधी आसपासच्यांबद्दल: "तुझ्या वयाची काही मुलं ओढतात, पितात. तुझ्या ग्रुपमध्ये कसं आहे?" आणि मग, "तुझं काय?"

दोन पथ्यं. मुलाशी काही वेळ एकट्याने बोलायचंच. पालक खोलीत असले की उत्तरं पालकच देतात. आणि गोपनीयतेची हद्द सुरुवातीलाच सांगायची: "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुला इजा करत असेल, तर मला इतरांना सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून." हे शेवटी सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे.

वेलांटी

दूर्वा, उत्तम प्रतिसाद. वैद्यकीय बाजूने थोडं.

आधी वय. २०२२ साली १९२ अभ्यास एकत्र करून काढलेलं चित्र असं: मानसिक विकारांपैकी सुमारे ३५ टक्के १४ वर्षांच्या आत सुरू झालेले, ४८ टक्के १८ च्या आत, ६२ टक्के २५ च्या आत. सुरुवात होण्याचं सर्वात गर्दीचं वय साडेचौदा. म्हणजे शरीर बदलतंय, झोपेचं घड्याळ पुढे सरकतंय, मित्रांचं मत घरच्यांपेक्षा जड वाटायला लागलंय, नेमकं तेव्हाच. भावना आणि बक्षिसाला प्रतिसाद देणारे मेंदूतले भाग या वयात जोरात असतात आणि आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. त्यामुळे एरवी पेलला असता असा ताण या खिडकीत जड जातो.

सततच्या ताणाचं शरीरातलं काम थोडक्यात: धोका दिसला की कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) वाढतं, धोका टळला की उतरतं. धोका टळतच नसेल तर ही यंत्रणा एकतर चढलेलीच राहते किंवा थकून बोथट होते. दोन्ही सापडतं, म्हणून "कॉर्टिसोल तपासून घ्या" या सल्ल्याला ताण मोजण्यासाठी काही अर्थ नाही.

जोखमींचा प्रकारही बघावा लागतो. केटी मॅक्लॉफ्लिन आणि मार्गारेट शेरिडन यांनी २०१४ पासून मांडलेली विभागणी मला कामाची वाटते: धमकी आणि वंचितता. मारहाण, हिंसा पाहणं, छळ हे धमकीत. त्यातून मूल सदा सावध, साध्या चेहऱ्यातही राग वाचणारं होतं. बोलणं, खेळणं, लक्ष देणं यांची उणीव हे वंचिततेत. त्याचा फटका भाषा, लक्ष, नियोजन यांना जास्त. दोन मुलांचा स्कोअर सारखाच चार असेल, पण एकाला सुरक्षितता हवी असते आणि दुसऱ्याला वाचन-भाषेची शिकवणी.

प्रश्नावल्यांबद्दल. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची चाचणी सर्रास वापरतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. ५, १०, १५, २० या तीव्रतेच्या पायऱ्या. १० किंवा जास्त आले तर नीट मुलाखत हवी. एवढंच. तो आकडा निदान नव्हे. आणि नववा प्रश्न, मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, तो वेगळा पाहायचा. एकूण गुण ६ असले तरी नवव्यात शून्याशिवाय काही असेल तर त्याच दिवशी बोलणं. बेरीज करून फाइल बंद केली की ही चूक हमखास होते.

सुतारपक्षी

वेलांटी, धमकी-वंचिततेचा मुद्दा इथे यायलाच हवा होता, आभार.

आता साखळी कागदावर कशी काढायची ते दाखवतो. कल्पित उदाहरण: १५ वर्षांची मुलगी, तीन महिन्यांपासून उदास, शाळेला दांड्या. आडव्या कागदावर चार रकाने.

*पूर्वीपासूनचं:* मावशीला नैराश्य. स्वभाव लहानपणापासून काळजीचा. नववीपर्यंत तीनदा शाळा बदललेली.
*ठिणगी:* जवळच्या मैत्रिणीने ग्रुपमधून काढलं, तिचे खासगी मेसेज इतरांना पाठवले.
*चालू ठेवणारं:* रात्री दीडपर्यंत जागरण, सकाळी सहाला उठणं. दांड्यांमुळे बुडालेला अभ्यास. आई स्वतः खचलेली. शाळेत जाणं टाळलं की तात्पुरतं हायसं वाटणं.
*सांभाळणारं:* आजोबांशी रोज बोलणं; चित्रकला; एक शिक्षिका जिच्याशी ती बोलते.

इथवर सगळेच करतात आणि कागद फाइलला लावून मोकळे होतात. पुढचं काम म्हणजे तिसऱ्या रकान्यात बाण काढणं. जागरणातून दांडी. दांडीतून बुडालेला अभ्यास. बुडालेल्या अभ्यासातून उद्याची भीती, भीतीतून पुन्हा जागरण आणि दांडीही. आईच्या खचण्यातून सकाळी उठवायला कोणी नाही, म्हणून दांडी. मग प्रत्येक गोष्टीला येणारे आणि तिच्यातून निघणारे किती बाण ते मोजायचं. इथे दांडीभोवती सर्वात जास्त गर्दी, त्याखालोखाल उद्याची भीती; झोपही त्याच चक्रात. मैत्रिणीने केलेला दगा, जो सगळ्यांना "खरं कारण" वाटतो, तो होऊन गेलाय. त्याचं दुःख ऐकलं पाहिजे, पण आज ही चाकं तो फिरवत नाहीये.

आधी कशाला हात घालायचा? जिवाला धोका असेल किंवा कोणी इजा करत असेल तर ते पहिलं, त्यात चर्चा नाही. ते नसेल, तर जे या बाणांच्या चक्रात आहे आणि जे दोन-तीन आठवड्यांत हलवता येतं, ते. मावशीचा आजार हलत नाही. झोप हलते.

नेहमी फसतं ते इथे: सहा जोखमी सापडल्या म्हणून सहा उपाय एकाच सोमवारी सुरू. समुपदेशन, शिकवणी, व्यायाम, मोबाइलबंदी, ध्यान, वेळापत्रक. जे मूल दात घासायला उठत नाही त्याच्यावर सहा कामं. दहाव्या दिवशी सगळं बंद, आणि वर "हिला मदतच नको आहे" हा शिक्का.

कोरीपाटी

झोपेचं पटलं. पण मग मोबाइल काढून घेतला की काम झालं ना? दीडपर्यंत त्यावरच असतात.

वेलांटी

@कोरीपाटी, काढून घेतल्याने झोप येईलच असं नाही, भांडण मात्र नक्की होतं. आणि या उदाहरणातल्या मुलीचं उरलंसुरलं एखाद्या मैत्रिणीशी बोलणं त्यावरच असेल तर एक आधार तोडून आपण एक जोखीम वाढवली.

वयात येताना मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) स्रवण्याची वेळ एक ते दोन तासांनी पुढे सरकते. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. दीड ते सहा म्हणजे साडेचार तास. एकदम "उद्यापासून दहाला झोप" सांगितलं तर ती दीडपर्यंत अंधारात डोळे उघडे ठेवून विचार करत पडणार, आणि अंथरूण म्हणजे काळजीची जागा असं मेंदू शिकणार.

करायचं असं. आधी उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको. उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात. झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५-२० मिनिटं अलीकडे. दीडवरून साडेदहावर यायला महिन्याच्या आसपास लागतो, आणि घरच्यांचा धीर दुसऱ्याच आठवड्यात सुटतो, म्हणून हा हिशोब आधीच सांगून ठेवावा. दुपारी झोप आवरत नसेल तर २० मिनिटं, चारच्या आत. चहा-कॉफी-एनर्जी ड्रिंक दुपारनंतर नाही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत. फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला, पण घरातल्या सगळ्यांचा. फक्त मुलांचा ठेवायला लावला तर नियम आठवडाभर टिकतो.

एक सावधगिरी: मूल तीन-चार तास झोपूनही थकलेलं नाही, उलट उत्साह, बडबड, भराभर योजना, बेफाम खर्च किंवा धाडस, असं सलग काही दिवस असेल तर हा जागरणाचा मामला नाही. उन्मादाची शक्यता असते, वेळापत्रक बाजूला ठेवून लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे.

आकडेमोड

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर: एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ साली तीन मोठ्या पाहण्यांतला साडेतीन लाखांवर किशोरवयीनांचा डेटा तपासला. डिजिटल वापराने मुलांच्या समाधानातल्या फरकाचा जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग समजावता आला. पण हा सरासरी आकडा आहे. ऑर्बेन यांच्याच २०२२ च्या कामात काही वयांत संवेदनशीलता जास्त दिसली: मुलींत ११ ते १३, मुलांत १४-१५, आणि पुन्हा दोघांतही १९ च्या आसपास. आणि सगळ्यांची सरासरी, आधीच चार बाजूंनी घेरलेल्या मुलाबद्दल फारसं सांगत नाही. किती तास यापेक्षा कशाच्या जागी, हा प्रश्न विचारावा. झोपेच्या जागी असेल तर झोपेचा हिशोब मांडा.

शंकासुर

सगळं ठीक. पण तुम्ही सगळे मुलाच्या आत आणि घराच्या आत फिरताय. घरात पैसाच नसेल तर बाण काढून काय होणार? गरिबीला समुपदेशनाचा उतारा नसतो.

आकडेमोड

शंकासुर, तुमच्या बाजूने सांगतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये ९ ते १३ वयाच्या १,४२० मुलांचा अभ्यास १९९३ पासून सुरू होता. मध्येच तिथल्या चेरोकी जमातीच्या राखीव भूमीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येक सदस्याला मिळू लागला. कुणी अर्ज केला नाही, कुणी निवडलं नाही. संशोधकांना आयता प्रयोग मिळाला. जी कुटुंबं दारिद्र्यरेषेच्या वर आली, त्यांच्या मुलांतले आक्रमक आणि बेशिस्त वर्तनाचे त्रास उतरून कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आले. जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी हे २००३ साली प्रसिद्ध केलं.

दोन बारकावे महत्त्वाचे. चिंता आणि नैराश्य यांत मात्र तेवढा फरक पडला नाही. आणि वर्तनातला फरक कशामुळे, हे शोधल्यावर सर्वात मोठा वाटा निघाला तो पालकांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळण्याचा. म्हणजे पैशाचाही बाण घरातूनच जातो.

सुतारपक्षी

हे वाचून आईचा मुद्दा पुढे नेतो. अमेरिकेत नैराश्याचे उपचार घेणाऱ्या आयांच्या ७ ते १७ वयाच्या मुलांना मायर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी तपासलं (२००६). ज्या आया तीन महिन्यांत पूर्ण बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांतलं मानसिक निदानाचं प्रमाण ११ टक्क्यांनी उतरलं. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांत ८ टक्क्यांनी वाढलं. इथे उपचार आईंवर होते, मुलांवर नाही. म्हणून मुलाच्या भेटीत पालकांना "तुमची स्वतःची झोप कशी आहे? मूड?" हे विचारणं सौजन्यापुरतं नसावं. वडिलांनाही विचारा. त्यांना जवळजवळ कोणी विचारत नाही.

दूर्वा

सांभाळणाऱ्या गोष्टींकडे वळू का? कागदावर तो रकाना सगळ्यात घाईत भरला जातो.

हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी दशकानुदशकं पाठपुरावा केला. दोन वर्षांच्या आत चार किंवा जास्त जोखमी असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे व्यवस्थित मार्गी लागली. त्यांच्यात वारंवार दिसलेलं काय? घरातल्या किंवा बाहेरच्या किमान एका मोठ्या माणसाशी टिकून राहिलेलं नातं, एखादं जमणारं काम, आणि घरात जबाबदारीची एखादी जागा. (बाकी दोन तृतीयांशांचं काय, हे विचारायला विसरू नये. "जिद्द असली की सगळं जमतं" हा निष्कर्ष यातून निघत नाही.)

शाळेत याचं रूपांतर असं होतं: जास्त जोखमीच्या प्रत्येक मुलामागे एक ठरलेली मोठी व्यक्ती, रोज दोन-चार मिनिटं, अभ्यास सोडून कशावरही. फसतं कधी? ती व्यक्ती दर सत्राला बदलली की. आणि मुलाने गोंधळ घातला म्हणून शिक्षा म्हणून तीच भेट रद्द केली की. तसं केलंत तर सुरूच केलं नसतं तर बरं.

सरसकट सगळ्यांना एकच कार्यक्रम देण्याबद्दल मी साशंक आहे. ब्रिटनमध्ये ८ हजारांवर विद्यार्थ्यांवर शाळेतल्या सजगता-प्रशिक्षणाची (माइंडफुलनेस) मोठी चाचणी झाली, २०२२ साली निकाल आला: नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा त्याचा फायदा दिसला नाही. सभागृहात वर्षातून एक व्याख्यान ठेवण्याची तर गोष्टच नको.

शाळेत परत आणण्याबद्दल, कारण वरच्या उदाहरणात दांडी मध्यावर आहे. पूर्ण दिवसाचा आग्रह पहिल्या दिवशी नको. पहिले दोन-तीन दिवस फक्त आवडत्या शिक्षिकेचा तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. पायरी वाढली की मागे घ्यायची नाही, हवं तर त्याच पायरीवर आणखी दोन दिवस. बुडालेला अभ्यास सगळा भरून मागू नये, विषयवार किमान काय ते लिहून द्यावं. आणि घरी राहण्याचा दिवस टीव्ही-मोबाइलचा नसावा, नाहीतर टाळण्याला बक्षीस मिळतं. पण शाळेत छळ चालू असेल तर आधी तो थांबवा. छळाच्या जागी मुलाला पायरी-पायरीने नेऊन बसवणं हा उपचार नाही.

कोरीपाटी

जिवाच्या धोक्याबद्दल विचारायचं म्हणता, पण विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसेल अशी भीती वाटते. इथल्या बऱ्याच जणांना वाटत असेल.

वेलांटी

ही भीती तपासली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यात २ हजारांवर शाळकरी मुलांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला पाहणीत आत्महत्येबद्दल विचारलं, दुसऱ्याला नाही (मॅडेलिन गूल्ड, २००५). विचारलेल्यांत त्रास किंवा विचार वाढले नाहीत. ज्यांना आधीच नैराश्य होतं किंवा पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांचा ताण उलट थोडा कमीच दिसला.

सरळ विचारा: "इतकं जड झालं की मरून जावंसं वाटतं, असं झालंय का?" हो म्हणालं तर: "काही ठरवलं आहेस का? कधी? आत्ता तो विचार आहे?" आवाज शांत. "असा वेडेपणा डोक्यात आणू नकोस" हे वाक्य तोंडातून गेलं की पुढची माहिती बंद. योजना ठरलेली असेल किंवा विचार आत्ता असेल तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी तातडीच्या वैद्यकीय सेवेत.

धोका तेवढा तातडीचा नसेल तरी सुरक्षा-योजना लिहायची. बार्बरा स्टॅन्ले आणि ग्रेगरी ब्राउन यांची सहा पायऱ्यांची पद्धत: वादळ येतंय हे ओळखायच्या स्वतःच्या खुणा, एकट्याने करता येतील अशा गोष्टी, मन वळवणारी माणसं आणि जागा, ज्यांना मदत मागता येईल अशा व्यक्ती, डॉक्टर, समुपदेशक आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि घर सुरक्षित करणं. मुलाच्याच शब्दांत, एका पानावर, फोनमध्ये फोटो. खुणांच्या जागी "उदास वाटणं" लिहिलेलं निरुपयोगी. "जेवायला हाक मारली तरी खोलीतून बाहेर येत नाही" हे उपयोगी, कारण ते घरच्यांनाही दिसतं. सहावी पायरी पालकांची: औषधं आणि इतर घातक वस्तू कुलपात किंवा घराबाहेर. तीव्र लहर बरेचदा थोड्या वेळाने ओसरते, त्या वेळात हाताशी काही नसणं हे सिद्ध झालेलं संरक्षण आहे.

औषधांबद्दल मोजकं. मध्यम ते तीव्र नैराश्यात मुलांसाठी सर्वात जास्त पुरावा फ्लुओक्सेटिन या नैराश्यविरोधी औषधाचा. परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली इशारा दिला तो २४ चाचण्यांच्या आधारे: आत्मघाती विचार वा वर्तन औषध घेणाऱ्यांत ४ टक्के, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत २ टक्के, त्या चाचण्यांत मृत्यू एकही नाही. अर्थ असा की पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर भेटी जवळ-जवळच्या हव्यात, आणि मनाने एकदम बंद करायचं नाही.

शंकासुर

गांजाचं कोणी बोललं नाही. हल्ली "निरुपद्रवी" म्हणून खपवतात.

वेलांटी

सगळ्यांना सारखा धोका नसतो, त्यामुळेच फसवा. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या अभ्यासात (२०१९) रोज वापरणाऱ्यांत मनोविकृतीचा (भास-भ्रम होऊन वास्तवाशी संबंध सुटण्याचा) धोका न वापरणाऱ्यांच्या तिप्पट, आणि जास्त तीव्र नशेचा गांजा रोज वापरणाऱ्यांत जवळपास पाचपट दिसला. घरात कुणाला असा आजार, सुरुवात पंधराच्या आसपास आणि तीव्र प्रकार, हे तिन्ही एकत्र असतील तर "कमी कर" म्हणून भागत नाही. संशय वाढणं, कानात आवाज, असंबद्ध बोलणं यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहू नये.

कोरीपाटी

शेवटचा प्रश्न. पहिल्या भेटीला जाताना पालकांनी काय घेऊन जावं?

दूर्वा

दोन आठवड्यांची झोपेची नोंद (दिवे कधी मालवले, उठलं कधी, दुपारची झोप). गेल्या तीन महिन्यांतली हजेरी. काय बदललं आणि साधारण कधी, याच्या पाच-सहा ओळी. चालू औषधं. घराण्यातले मानसिक आजार. आणि मुलाला स्वतःला काय बदलायला हवंय, त्याच्याच शब्दांत एक वाक्य. ते वाक्य पालकांच्या यादीशी जुळत नसेल तर खोडू नका, तसंच आणा.

सुतारपक्षी

त्यात एक भर: चार आठवड्यांनी पुन्हा पाहायला दोनच मोजमापं ठरवा, जी रोज दिसतात. वरच्या मुलीसाठी आठवड्यातले शाळेचे दिवस आणि झोपेचे सरासरी तास. दोन्ही हलले नसतील तर बाण चुकीचे काढलेत असं समजून कागद परत उघडा. तास वाढले पण शाळा नाही, तर बहुधा शाळेतलं काहीतरी अजून कुणी विचारलेलं नाही.